बारा शब्द आणि घरातला दुसरा माणूस

बँकेच्या ॲपचा पासवर्ड विसरला तर फार तर एक दिवस मोडतो. शाखेत जायचे, आधार-पॅनच्या झेरॉक्स द्यायच्या, अर्जावर सही करायची, ती जुळली नाही तर पुन्हा करायची. वैताग येतो, पण पैसे जागच्या जागी असतात आणि काउंटरपलीकडे बोलायला माणूस असतो. स्वतःच्या ताब्यातल्या क्रिप्टो वॉलेटला असा काउंटर नाही. तिथे मालकीचा पुरावा एकच, तो म्हणजे वॉलेट पहिल्यांदा उघडताना पडद्यावर दिसलेले बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द. कोणी त्यांना सीड फ्रेज म्हणतात, कोणी रिकव्हरी फ्रेज. ज्याच्याकडे शब्द, त्याचे वॉलेट. फोन हरवला, पाण्यात पडला, चोरीला गेला तरी नव्या फोनवर ते शब्द क्रमाने टाकले की सगळे परत येते. फोनही गेला आणि शब्दही गेले, तर न्यायालयाचा हुकूम असला तरी ते पैसे हलवता येत नाहीत, कारण हुकूम बजावायचा कोणावर?

हा कारभार आता केवळ बिटकॉइनवाल्यांपुरता उरलेला नाही. प्रोटॉनची ईमेल सेवा खाते परत मिळवण्यासाठी बारा शब्द देते. व्हॉट्सॲपचा एन्क्रिप्टेड बॅकअप २०२१ पासून ६४ अंकी किल्लीने बंद करता येतो आणि ती किल्ली हरवली तर आम्ही काही करू शकणार नाही, असे कंपनी आधीच बजावते. ॲपलची रिकव्हरी की २८ अक्षरांची असते. गुगल दहा बॅकअप कोड देते. ते छापून ठेवा असे सांगते आणि आपण ते पान बंद करून पुढे जातो. तरी हा प्रश्न सगळ्यात नागडा दिसतो तो वॉलेटच्या बारा शब्दांत. म्हणून इथे विचार त्यांचा.

या शब्दांमागची रचना २०१३ साली ठरली. बिप-३९ हे तिचे नाव. इंग्रजीतल्या २,०४८ सोप्या शब्दांची एक यादी आहे. 'अबँडन'ने सुरू होते, 'झू'वर संपते. यादी उघड आहे, कोणीही वाचावी. गुपित आहे ते त्यातून कोणते शब्द निवडले गेले आणि कोणत्या क्रमाने. वैध ठरतील अशा बारा शब्दांच्या जुळण्यांची संख्या ३९ अंकी आहे, त्यामुळे अंदाजाने कोणी तिथे पोहोचेल ही भीती नाही. यादी करताना एक शहाणपण केलेले आहे. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरे त्याची एकट्याची आहेत, म्हणजे पुढची पुसली तरी शब्द ओळखता येतो. शेवटच्या शब्दात पडताळणीचा थोडा अंश असतो. बारांपैकी एखादा शब्द पूर्ण वाचेनासा झाला, पण त्याची जागा माहीत असली, तर २,०४८ शक्यतांतून जेमतेम १२८ उरतात आणि जाणकार माणूस त्या तपासून पाहू शकतो.

जपानी, कोरियन, स्पॅनिश, फ्रेंच अशा काही भाषांत या यादीच्या आवृत्त्या आहेत. मराठीत नाही, हिंदीतही नाही. त्यामुळे आपल्याकडे एक वेगळीच चूक होते. इंग्रजी लिहिण्याची सवय सुटलेली माणसे शब्द देवनागरीत उतरवून घेतात. या यादीत 'बरोबर' या अर्थाचा राइट आहे आणि 'लिहिणे' या अर्थाचाही राइट आहे. कागदावर दोन्ही सारखेच दिसतील. शब्द रोमन लिपीत, सुट्या मोठ्या अक्षरांत आणि क्रमांक घालूनच लिहायला हवेत.

हे शब्द सांभाळायचे कसे, यावरचे बहुतेक सल्ले एका वाक्यात आटोपतात: कोणालाही सांगू नका. सल्ला खरा आहे, पण अर्धाच आहे. शब्द दोन तऱ्हांनी जातात. कोणी ते चोरतो, किंवा ते आपल्याच हातून सुटतात. एकाचा बंदोबस्त करावा तर दुसरे बळावते, ही यातली खरी अडचण. पाच ठिकाणी प्रती ठेवल्या तर हरवण्याची धास्ती संपते, पण चोराला पाच संधी मिळतात. एकच प्रत, कोणाला न सांगता, भलत्याच जागी ठेवली तर चोर हात हलवत परत जाईल. आणि मालकाला उद्या अर्धांगवायूचा झटका आला तर बायको-मुलेही तशीच परत जातील.

हातून सुटल्याची उदाहरणे जगाला माहीत आहेत. स्टेफन थॉमस या प्रोग्रॅमरचे ७,००२ बिटकॉइन एका कुलूपबंद पेनड्राइव्हमध्ये आहेत. तिला पासवर्डचे दहाच प्रयत्न चालतात. त्यातले आठ वाया गेल्याचे २०२१ मध्ये जगजाहीर झाले. पासवर्ड त्यांनी कागदावर लिहिला होता, तो कागदच हरवला. वेल्समधल्या न्यूपोर्टचे जेम्स हॉवेल्स यांची सुमारे आठ हजार बिटकॉइनची किल्ली असलेली हार्ड डिस्क २०१३ साली कचऱ्यात गेली. कचरा डेपो उकरू द्या म्हणून ते वर्षानुवर्षे नगर परिषदेशी भांडले. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. ही दोघेही तंत्रज्ञानात मुरलेली माणसे. त्यांना कोणी फसवले नव्हते, लुटले नव्हते.

तरीही चोरीची बाजू हलकी धरून चालणार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने स्पार्ककॅट नावाचा एक प्रकार उघडकीस आणला. गुगल प्ले आणि ॲपलच्या ॲप स्टोअरवर उजळ माथ्याने बसलेली काही ॲप फोनच्या गॅलरीची परवानगी मागत, फोटोंमधला मजकूर वाचत आणि त्यात सीड फ्रेजसारखे काही दिसले की तो फोटो बाहेर पाठवत. अशी ॲप एकट्या गुगल प्लेवरून २,४२,००० हून अधिक वेळा उतरवली गेली होती. 'सध्या स्क्रीनशॉट काढून ठेवतो, मग निवांत लिहीन' म्हणणाऱ्या प्रत्येकासाठी ही बातमी आहे. तो स्क्रीनशॉट फोनमध्येच राहत नाही, आपोआप क्लाउडवर चढतो, घरच्या टॅबवर दिसतो, जुना फोन विकला तर त्याच्याबरोबरही जाऊ शकतो. स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवलेले शब्द, ईमेलच्या ड्राफ्टमध्ये ठेवलेले शब्द, कॉम्प्युटरवरची एक्सेल फाइल, सगळ्यांची गत तीच.

मग पासवर्ड मॅनेजर? इथे मात्र प्रतिपक्ष तगडा आहे. चांगला मॅनेजर सगळे एन्क्रिप्ट करून ठेवतो, घर जळाले तरी त्याचे काही बिघडत नाही, आणि ज्याला कागद सांभाळण्याची सवयच नाही त्याच्यासाठी कागदापेक्षा तो बरा, असे म्हणणारे जाणकार आहेत. सामान्य पासवर्डांसाठी मीही तो वापरावा असेच सांगेन. पण २०२२ साली लास्टपास या नामांकित मॅनेजरकडून ग्राहकांच्या एन्क्रिप्टेड तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीला गेल्या. चोरांना घाई नव्हती. ज्यांचा मुख्य पासवर्ड कच्चा, त्यांची तिजोरी सवडीने फोडता येत होती. पुढे मोठ्या क्रिप्टो चोऱ्यांचा माग याच घटनेपर्यंत पोहोचल्याचे अमेरिकी तपास यंत्रणांनी न्यायालयात मांडले. ईमेलचा पासवर्ड फुटला तर बदलता येतो. सीड फ्रेज बदलता येत नाही. नवे वॉलेट काढून पैसे तिकडे हलवावे लागतात, तेही चोराच्या आधी. म्हणून एवढ्या एका गोष्टीसाठी माझे मत कागदाच्या बाजूने आहे. शब्द इंटरनेटला जोडलेल्या कोणत्याही यंत्रात जाऊ नयेत. कंपनीच्या 'सपोर्ट'वाल्याने मागितले तरीही, किंबहुना त्याने मागितले तर हमखास नाही. लेजर या हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ली सांभाळणारे छोटे स्वतंत्र उपकरण, बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहकांचे पत्ते २०२० मध्ये फुटले, त्यानंतर लोकांच्या घरी टपालाने खोटी पत्रे आणि खोटी उपकरणेही आली. सगळ्यांचा हेतू एकच, शब्द काढून घेणे.

याच्याही आधीचा एक प्रश्न आहे: हे ओझे सामान्य माणसाने घ्यावेच का? एक्स्चेंजवर खाते असेल तर सीड फ्रेजची भानगडच नाही. पासवर्ड विसरला तर ओळखपत्र दाखवून खाते परत मिळते. पण १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतातल्या मोठ्या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची लूट झाली आणि काहीही चूक नसलेल्या ग्राहकांचे पैसे महिनोन्‌महिने अडकले. कॅनडातल्या क्वाड्रिगा एक्स्चेंजचा संस्थापक जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये आपल्याच जयपुरात वारला. पासवर्ड त्याच्या एकट्याच्या डोक्यात होते, असे सुमारे ७६ हजार ग्राहकांना सांगण्यात आले. पुढे ऑन्टॅरिओच्या नियामकाने तपास केला तेव्हा निघाले की बहुतेक पैसा त्याने आधीच उडवला होता. दुसऱ्याच्या हाती दिलेल्या किल्लीची जोखीम ही अशी असते.

दोन्ही पारडी पाहून माझा कौल सरळ आहे. रक्कम एवढीच असेल की गेली तर हळहळ वाटेल पण संसार डगमगणार नाही, तर ती वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंद असलेल्या एक्स्चेंजवर राहू द्यावी. रक्कम मोठी असेल तर किल्ली स्वतःकडे घ्यावी, पण पुढे सांगितलेली घरकामे करण्याची तयारी असेल तरच. ती तयारी नसेल तर मोठी रक्कम अशा मालमत्तेत ठेवूच नये. कंटाळा केल्याची शिक्षा या व्यवहारात अपिलाविना होते.

ही घरकामे कागदापासून सुरू होतात. हार्डवेअर वॉलेटच्या खोक्यात क्रमांक टाकलेले एक छोटे कार्ड येते. त्यावर जेल पेनने लिहू नये, पाणी लागले की शाई पसरते. बॉलपेन बरे, पेन्सिल दिसायला फिकी, पण पाण्यात विरघळत नाही. लिहून झाल्यावर आपला हात सवयीने झेरॉक्सच्या दुकानाकडे वळतो. दोन झेरॉक्स आणि एक लॅमिनेशन ही महाराष्ट्रातल्या कोणत्याही महत्त्वाच्या कागदाची रीत. इथे ती मोडावी. ते कार्ड काउंटरवरच्या अनोळखी मुलाच्या हातून जाते आणि मोठ्या झेरॉक्स मशीनमध्ये पानांच्या प्रती साठून राहू शकतात. दुसरी प्रतही हातानेच लिहावी.

कागदाचा दुसरा शत्रू आपले हवामान. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझमध्ये एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडाले. २२ जुलै २०२१ ला चिपळूण. पाणी ओसरल्यावर कपाटातून निघालेली कागदपत्रे ज्यांनी उन्हात पसरली, त्यांना वेगळे सांगायला नको. पूर आला नाही तरी कोकणातल्या घरात चार पावसाळ्यांत कागदाला बुरशी धरते आणि वाळवी वाट पाहत नाही. आणि सगळ्यात मोठा धोका येतो दिवाळीच्या साफसफाईत. 'अबँडन, एबल' असे काहीबाही इंग्रजी शब्द लिहिलेले चिटोरे घरातल्या कोणालाही रद्दीच वाटणार.

म्हणून स्टील. परदेशात यासाठी खास पट्ट्या विकतात, महाग पडतात. आपल्याकडे त्याची गरज नाही. पुण्यातल्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर अक्षरांचे पंच मिळतात, आणि स्टीलची जाड पट्टी कोणत्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे. जमिनीवर लाकडी पाट ठेवायचा, त्यावर पट्टी, पंच उभा धरून हातोडीचा एकच ठोका; दोनदा ठोकले की अक्षराची सावली पडते आणि 'ओ'चा 'क्यू' वाटतो. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरे पुरतात, म्हणजे बारा शब्दांना जास्तीत जास्त ४८ ठोके. पहिल्या दोन ओळी वाकड्या येतात, नंतर हात बसतो. भांड्यांच्या दुकानात नावे घालून देणारा हेच काम सुबक करील; पण तो शब्द वाचेल, म्हणून त्याच्याकडे जायचे नाही. स्टेनलेस स्टील १,४०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, घरातली आग सहसा तिथवर पोहोचत नाही. पट्टी पाण्यात महिनाभर राहिली तरी अक्षरे वाचता येतात, आणि धातूची वस्तू सहसा कोणी रद्दीत घालत नाही.

एक प्रत घरात आणि दुसरी घराबाहेर, एवढे अंतर हवेच. एकाच कपाटातल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत. बाहेर कुठे, तर पहिला विचार बँक लॉकरचा येतो. ऑगस्ट २०२१ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यात नुकसान झाले तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट एवढीच. भाडे तीन हजार असेल तर भरपाई फार तर तीन लाख. पूर किंवा भूकंप यांची जबाबदारी बँकेवर नाही. तरी पट्टी ठेवायला लॉकर चांगला, कारण आपल्याला भरपाई नको, पट्टी शाबूत हवी. ती पाकिटात बंद करून ठेवावी. लॉकरधारक गेल्यावर नॉमिनीसमोर सामानाची यादी होते तेव्हा साक्षीदार असतात. बंद पाकीट उघडण्याची सक्ती बँकेवर नाही. उघडी पट्टी मात्र सगळ्यांच्या नजरेस पडेल. लॉकर नसेल तर सख्ख्या बहिणीचे घर, गावाकडचे घर. गावाकडचे घर वर्षातून दहा महिने कुलूपबंद असेल तर मी ते टाळीन.

इथे हुशार माणसांना एक कल्पना हटकून सुचते: शब्द तोडून वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावेत. तीन कार्डे करायची, प्रत्येकावर बारांपैकी आठ शब्द, अशी की कोणतीही दोन कार्डे जुळवली की बारा पूर्ण व्हावेत. एक कार्ड हरवले तर चिंता नाही, एक चोरीला गेले तर चोराकडे चार शब्द कमी. ऐकायला बिनतोड वाटते. जून २०२० मध्ये याची परीक्षाच झाली. अलिस्टेअर मिल्न या गुंतवणूकदाराने एका वॉलेटमध्ये एक बिटकॉइन ठेवून बारा शब्दांचे संकेत एकेक करून जाहीर करायला सुरुवात केली. आठ शब्द कळल्यावर जॉन कँट्रेल या प्रोग्रॅमरने थांबायचे नाकारले. ग्राफिक्स कार्डांची ताकद भाड्याने घेतली, उरलेल्या चार शब्दांच्या एक लाख कोटींहून जास्त जुळण्या सुमारे तीस तासांत तपासल्या आणि बिटकॉइन नेला. तेव्हापासून यंत्रे वेगवानच झाली आहेत. म्हणजे तीनपैकी एक कार्ड चोराच्या हाती लागले तरी बारा शब्दांचे वॉलेट सुरक्षित उरत नाही. चोवीस शब्दांवर हाच प्रकार केला तर आठ शब्द कमी पडतात आणि ते शोधणे आजच्या यंत्रांच्या आवाक्याबाहेर आहे. पण बाराला जे लागू नाही ते चोवीसला लागू आहे, हे बारकावे घरातल्या कोणाला सांगायचे आणि कोणी लक्षात ठेवायचे?

तोडण्याची शास्त्रशुद्ध रीत आहे. आदी शामीर या गणितज्ञाने १९७९ साली ती मांडली: गुपिताचे तीन वाटे करा, कोणतेही दोन आले तर पूर्ण उलगडा, एकट्या वाट्यातून काहीच कळत नाही. काही हार्डवेअर वॉलेटमध्ये ही सोय आहे. ज्यांची रक्कम खरोखर मोठी आहे आणि ज्यांच्या कुटुंबात दोघे-तिघे हे समजू शकतात, त्यांनी ती जरूर वापरावी. इतरांना माझा सल्ला 'नको' असाच आहे. गुंतागुंत वाढली की ती चोराच्या आधी वारसाला अडवते. मूळ शब्दांवर आणखी एक आपला शब्द, म्हणजे पासफ्रेज, लावण्याची सोय असते, तिचेही तसेच. पासफ्रेज चुकली तर 'चूक आहे' असा इशारा येत नाही. वेगळेच, रिकामे वॉलेट उघडते आणि वारस समजतो की वडिलांनी काही ठेवलेच नव्हते. मात्र कोणी घरात घुसून धाक दाखवला तर पासफ्रेजचा उपयोग होऊ शकतो, हे मान्य केले पाहिजे. फ्रान्समध्ये जानेवारी २०२५ मध्ये एका हार्डवेअर वॉलेट कंपनीच्या सहसंस्थापकाचे अपहरण करून त्याचे बोट कापले गेले. त्यावर सामान्य माणसाजवळ असलेला पहिला उपाय पासफ्रेजहून स्वस्त आहे: आपल्याकडे काय आणि किती आहे हे चारचौघांत बोलू नये.

मे २०२३ मध्ये लेजर कंपनीने शब्दांचे तीन एन्क्रिप्टेड वाटे तीन कंपन्यांकडे ठेवण्याची, मासिक शुल्काची सेवा जाहीर केली तेव्हा तिचेच ग्राहक खवळले. शब्द उपकरणाबाहेर जाऊच नयेत म्हणून तर हे उपकरण घेतले, हे त्यांचे म्हणणे रास्त होते. तरी एकटा राहणारा, वय झालेला, जवळचे कोणी नसलेला माणूस डोळ्यांसमोर आणला की मला त्या सेवेला सरसकट वाईट म्हणवत नाही. त्याच्या बाबतीत चोरापेक्षा विस्मरण जवळ आहे.

आता सगळ्यात अवघड मुद्दा, सांगायचे कोणाला. आपल्या घरांत पैशाचे व्यवहार बहुधा एकच माणूस पाहतो. पॉलिसी कुठे, एफडी कुठे, कोणाला उसने दिले, हे त्याच्या डोक्यात. बायकोला 'तुला काय करायचंय' हे उत्तर. तो गेल्यावर तिला शाखाशाखांतून फिरावे लागते. बँकेच्या पैशांबाबत निदान वाट आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीला चार नॉमिनी लावता येतात, आणि विसरलेल्या ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेचे उद्गम पोर्टल आहे. स्वतःच्या वॉलेटला यातले काहीच नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने क्रिप्टो ही मालमत्ता आहे असे म्हटले. उद्या वारसाला तिचा हक्क कागदावर मिळेलही, पण हक्काने कुलूप उघडत नाही. आजोबांनी परसात सोने पुरले आणि जागा न सांगता गेले, तर घर वारसाच्या नावावर होते, सोने मातीतच राहते. हे तसेच आहे.

न सांगणाऱ्यांचीही बाजू आहे आणि ती हेटाळण्याजोगी नाही. नवरा-बायकोत उद्या बिनसू शकते. मुलगा व्यसनी असू शकतो. भावाभावांत वाद असतात. विश्वासातला माणूस लबाड नसला तरी भोळा असतो आणि फोनवरच्या गोड आवाजाला शब्द वाचून दाखवतो. शब्द सांगितले की परत घेता येत नाहीत, हेही खरे.

पण शब्द सांगणे आणि शब्द आहेत हे सांगणे, यात फरक करता येतो. घरातल्या एका माणसाला एवढे कळले पाहिजे की अशी मालमत्ता आहे, तिची किल्ली एका स्टीलच्या पट्टीवर आहे, पट्टी लॉकरमधल्या अमुक पाकिटात आहे, आणि ती कोणालाही वाचून दाखवायची नाही. त्या माणसाला शब्द पाठ नकोत, पट्टी पाहिलेलीही नको. लॉकर संयुक्त नावाने असेल किंवा त्याला नॉमिनी लावलेला असेल तर वेळ येईल तेव्हा त्याला तिथे पोहोचता येईल. हा माणूस बहुतेक घरांत बायको किंवा नवरा असावा असे मला वाटते, आणि यात संकोच करण्यासारखे काही नाही. ज्यांचा जोडीदारावर एवढाही विश्वास नाही त्यांनी दुसरा कोणी निवडावा. पण कोणीच नाही, ही निवड मला मान्य नाही. ती गुप्तता राहत नाही, पुढच्या पिढीवर अन्याय होतो.

मृत्युपत्रात शब्द लिहू नयेत. मसुदा करणारा वकील, टंकलेखक, कधी साक्षीदार, असे अनेक जण तो कागद पाहतात, आणि नोंदणी केलेल्या मृत्युपत्राची नक्कल ते करणाऱ्याच्या निधनानंतर अर्ज करून मिळवता येते. त्यात वॉलेटचा उल्लेख आणि ते कोणाला द्यायचे एवढेच असावे. ईमेलच्या बाबतीत हे काम सोपे आहे. गुगलमध्ये २०१३ पासून निष्क्रिय खात्याची व्यवस्था लावता येते. ठरावीक महिने खाते वापरले गेले नाही तर निवडलेल्या माणसाला ते कळते. ॲपलची वारस संपर्काची सोय २०२१ अखेरीस आली. दोन्ही फुकट आहेत. दोन वर्षे न वापरलेली खाती गुगल पुसून टाकू शकते, म्हणून घरातल्या ज्येष्ठांच्या फोटोंपुरते तरी हे करून घ्यावे.

वॉलेटमध्ये पैसे टाकण्याआधी एक तालीम करावी. शब्द लिहिल्यावर उपकरण पूर्ण पुसायचे आणि पट्टीवरून पुन्हा उभे करायचे. वॉलेटचा आधीचाच पत्ता दिसला तर लिहिलेले बरोबर. ज्यांनी पैसे आधीच टाकले आहेत त्यांनी आहे ते उपकरण न पुसता दुसऱ्या कोऱ्या हार्डवेअर वॉलेटवर ही तालीम करावी. आणि त्याच बैठकीत घरच्यांसाठी एक चिठ्ठी लिहावी, सरळ मराठीत: काय आहे, पट्टी कुठे आहे, मदतीला कोणत्या ओळखीच्या माणसाला बोलवायचे, आणि कोणी फोन करून शब्द मागितले तर फोन ठेवून १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवायचे. चिठ्ठीत शब्द नकोत. चिठ्ठी पॉलिसी आणि रेशनकार्डाच्या फाइलमध्ये ठेवा आणि ती तिथे आहे हे आज रात्री जेवताना घरात सांगा.